पंचगंगेत सोडलेला नारळ

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तीही समुद्रावर, समुद्र न पाहता. कोल्हापुरातल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असे धाडस का करावे, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते आणि आज सहा-सात वर्षांनंतरही नाही. हातून घडलेल्या गोष्टींची कारणे आपण मागाहून शोधतो आणि शोधताना स्वतःला सोयीची तेवढीच उचलतो, हे मला माझ्यावरूनच कळले आहे. म्हणून कारणांच्या वाटेला न जाता जे घडले ते सांगतो.

संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षे झाली होती. मंगळवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. ती भिंत नजर अडवी, आवाज मात्र मुळीच अडवत नसे. शेजारचे गृहस्थ पोस्टात कारकून होते. त्यांची पत्नी मालवणाकडच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटावरून लग्न होऊन आली होती. आठ-दहा घरे, एक गोड्या पाण्याची विहीर आणि भोवती समुद्र, एवढेच ते बेट. माझ्या पत्नीबरोबर तांदूळ निवडताना ती माहेरच्या गोष्टी सांगे. तिच्या आईची एक कोंबडी होती. दर बाजारच्या दिवशी ती होडीच्या टोकावर बसून विकायला म्हणून किनाऱ्यावर जाई आणि आई भाव फार सांगते म्हणून संध्याकाळी तशीच परत येई. चार वर्षे ती कोंबडी बाजार करत होती. मी फळ्यांच्या अलीकडे वह्या तपासत हे सारे ऐकत असे, आणि माझा लाल पेन्सिलीचा हात थांबे.

असे ऐकता ऐकता कादंबरी मनात धरली. तिच्यात दोन काळ एकाआड एक येणार होते. एक काळ मराठ्यांच्या आरमाराचा: त्यात बेटावरचा एक पूर्वज गलबतावरून लढाईला जातो. दुसरा काळ नुकत्याच संपलेल्या महायुद्धाचा: त्यात त्याच घरातला सहाव्या पिढीचा मुलगा आगबोटीवर खलाशी म्हणून जातो. विषम प्रकरणे जुनी, सम प्रकरणे नवी. रविवारी दुपारी लिहून झालेले प्रकरण मी मोठ्याने वाचून दाखवू लागलो. श्रोते तीन. माझी पत्नी, शेजारीण आणि समोरच्या तालमीचे वस्ताद.

वस्तादांचे वय साठीच्या पुढे, कान कुस्तीत मोडून भज्यांसारखे झालेले, आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी पोचणारा. त्यांना तलवारीखेरीज दुसरे काही रुचत नसे. दारातूनच विचारत,

"मास्तर, आज जुनं हाय का नवं?"

"नवं आहे."

"मग म्या म्हशीस्नी पाणी दावून येतो. जुनं आलं की हाक मारा."

शेजारणीचे नेमके उलट. जुन्या प्रकरणात ती जांभया दाबी आणि नव्याच्या वेळी सरसावून बसे. एकाच कादंबरीला दोन अर्धे वाचक लाभले, पुरा एकही नाही, असे पत्नी म्हणे.

पहिली नामुष्की पाचव्या प्रकरणात आली. पूर्वज लढाई करून तीन दिवसांनी पहाटे परत येतो आणि निघताना जिथे होडी बांधली होती त्याच सातव्या पायरीला ती पुन्हा बांधतो, असे मी मोठ्या ऐटीत लिहिले होते. पुढची सारी घडी त्या सातव्या पायरीवर बसवली होती. दोनशे वर्षांनी तो मुलगाही त्याच पायरीवरून निघणार होता. शेजारीण पदर तोंडाशी धरून हसू लागली.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही, भाऊजी. पण तुमचं पाणी हलत कसं नाही?"

"म्हणजे?"

"भरती-ओहोटी नाही वाटतं तुमच्या समुद्राला? आमच्या पायऱ्या दिवसातनं दोनदा बुडतात नि दोनदा उघड्या पडतात. तुमची सातवी पायरी कधी गळाभर पाण्यात, कधी कोरडीठाक."

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असे नाही. भूगोलाच्या तासाला बदलीवर गेलो असताना मी ती शिकवलीसुद्धा होती. परंतु जन्मभर ज्याने पंचगंगेचा घाट आणि रंकाळा पाहिला, त्याच्या हाताला पाणी एका पायरीशी थांबलेलेच ठाऊक असते. आमचे पाणी वर्षातून एकदा श्रावणात चढते आणि दिवाळीच्या आत उतरते. डोक्याने शिकवलेले हातापर्यंत पोचले नव्हते.

वस्तादांना तर हे पटेचना. "दिसातनं दोनदा पाणी जातंय? कुठं जातंय?"

"समुद्रात," शेजारीण म्हणाली.

"ते समुद्रातच हाय न्हवं?"

वस्तादांनी विजयी मुद्रेने मिशीवर हात फिरवला. मी पाचही प्रकरणे नव्याने लिहिली.

परंतु ज्या चुकीबद्दल हे लिहितो आहे ती पाण्याची नव्हे.

शेजारणीला एक धाकटा भाऊ होता. युद्धाच्या काळात तो मालवाहू बोटीवर खलाशी होऊन रंगूनच्या बाजूला गेला. पुढे बोटीच्या कंपनीच्या कचेरीतून एक कागद आला, त्यात बोटीचा ठावठिकाणा लागत नाही एवढेच होते. माणसांविषयी काही नव्हते. तेव्हापासून बेटावरच्या घरात एक नियम झाला. आईच्या समोर तो गेला असे कुणी म्हणायचे नाही. तो समुद्रावर आहे. त्याचे श्राद्ध झाले नाही, त्याचे अंथरूण कुणाला दिले नाही. हे शेजारणीने माझ्या पत्नीला सांगितले, पत्नीने मला, आणि मी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत ते टिपून ठेवले. तिचे दुःख ऐकून मला वाईट वाटले, हे खरे. पण त्याच क्षणी माझ्या कादंबरीला शेवट मिळाला याचा आनंदही झाला, हेही खरे. आणि कोणते आधी झाले हे मी स्वतःला अजून नक्की सांगू शकलेलो नाही.

शेजारणीपाशी मी चाचरत कबुली दिली, की नव्या काळातला तो मुलगा थोडासा तुमच्या भावासारखा झाला आहे. ती म्हणाली, "लिहा. पण शेवट काय केलाय तो मला सांगू नका. आणि आईच्या कानावर कधी जाऊ देऊ नका."

आई तर दोनशे मैलांवर असल्यासारखी बेटावर होती. मी वचन देऊन टाकले. आणि शेवटच्या प्रकरणात मुलाला रीतसर बुडवले. अडीच पाने बुडवले. अजून सांगायला संकोच वाटतो, पण ती अडीच पाने मला फार आवडत असत.

त्याच आषाढात आई कोल्हापुरात आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. यायला ती एका अटीवर तयार झाली होती. नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळच्या आत तिला परत पोचवायचे. "घरचा नारळ असतो," एवढेच शेजारीण म्हणाली. शस्त्रक्रिया चांगली झाली. दवाखान्यातून ती लेकीच्या घरी आली ती डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून. दहा-बारा दिवस पट्टी सोडायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

पहिल्या रविवारी मी आवाज पुष्कळ खाली ठेवून एक जुने प्रकरण वाचत होतो. फळ्यांच्या पलीकडून हाक आली.

"मास्तरांनू, जरा मोट्यान वाचा. माझे डोळे बांधले हत, कान नाय."

त्यानंतर ती रोज ऐकू लागली. शेजारीण घाबरली, पण आईने हट्ट धरला की दुसरी करमणूक काय आहे, पहिल्यापासून वाचा. मग पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी एकेक प्रकरण होऊ लागले. ती फळीला टेकून बसे. श्रोत्यांत तीच एक अशी निघाली जिला जुने आणि नवे दोन्ही हवे होते. वस्तादांशी तिचे पहिल्याच दिवशी जुंपले.

"म्हातारे, तुमच्याकडं तालीम हाय का?"

"व्हड्याची वल्ही मारतत ते काय करतत? तुमी एक दीस वल्हवा, मगे तालमेचा नाव काडा."

"पावणीचं तोंड लई चालतंय!"

"डोळे बंद हत ना. मगे तोंडान बगतंय."

वस्ताद खूश. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्यासाठी म्हशीचे धारोष्ण दूध आणू लागले, आणि नव्या प्रकरणांनाही बसू लागले. म्हशींना त्या आठवड्यात पाणी कोणी दाखवले, देव जाणे. फक्त एकच तक्रार ते रोज करीत. "मास्तर, जुन्याचा नि नव्याचा संबंध काय? ह्यो त्येच्या कुळातला, हे तुमी सांगताय म्हणून. मला त्यात दिसत न्हाय." मला ही तक्रार झोंबत असे, कारण ती खरी होती.

कोंबडीचे प्रकरण आले तेव्हा मी ते गाळून पुढे जाणार होतो. पण पुढच्या मजकुरात तिचा उल्लेख होताच. कोंबडी होडीच्या टोकावर बसली आणि फळी पलीकडून करकरली. मी थांबलो.

"वाचा, वाचा," ती म्हणाली. "कोंबडेचो भाव किती सांगितलात?"

मी आकडा सांगितला.

"कमी सांगितलात."

एवढेच. मला वाटले, निभावले.

शेवटचे प्रकरण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी यायचे होते आणि पौर्णिमेच्या पहाटे पहिल्या गाडीने आईला निघायचे होते. त्याच सकाळी बातमी आली की गगनबावड्याच्या घाटात दरड कोसळली आहे आणि कोकणात जाणाऱ्या एस. टी. बंद आहेत. आईला सांगितले, तशी ती जेवायला उठली नाही. दुपारी शेजारीण आमच्या दारात उभी राहिली. तिने शेवट विचारला नव्हता, पण ओळखला होता.

"भाऊजी, आज दुसरं काहीतरी वाचा. त्याला आणा परत. तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात आहे, हे वाक्य मला टोचले. मी तिला 'बरे' म्हटले. पण खरे सांगायचे तर मला त्या क्षणीही आपली अडीच पाने वाचायला मिळणार नाहीत याचेच वाईट वाटत होते.

संध्याकाळी सारे जमले. वही उघडून मी मृत्यूच्या पानावर नजर ठेवली आणि तोंडाने दुसरेच बोलू लागलो. बोट फुटते, मुलगा फळकुटाला धरून तरंगतो, कोळ्यांना सापडतो, वर्षांनी बेटावर येतो, पाणी ओहोटीचे असते, सातवी पायरी कोरडी असते. माझी पत्नी डोळे पुसू लागली. वस्ताद म्हणाले, "शाब्बास रं पठ्ठ्या!" मला वाटू लागले होते की हेही बरे जमले.

"मास्तरांनू," फळीपलीकडून आवाज आला, "ह्या तुमी आता रचलात."

"नाही, नाही. लिहिलेलं आहे."

"रोज तुमी वाचतास तेव्हा कागद परततास. मी मोजतंय. एका प्रकरणाक वीस-बावीस कागद. आज एकय कागद परतूक नाय."

वस्तादांसारखा माणूससुद्धा पायांच्या अंगठ्याकडे पाहत बसला.

"ती कोंबडी माझी, तो झिल माझो," ती म्हणाली. मुलाला 'झिल' म्हणताना तिचा सूर रागाचा नव्हता, एखादी गोष्ट नीट लावून ठेवावी तसा होता. "कागदावर मारलात तेका?"

मी उठून फळीजवळ गेलो. तिला दिसत नव्हते तरी हात जोडले. "होय. मारलं. तुमच्या लेकीला वचन देऊन, तुमच्या घरातली गोष्ट उचलून मारलं. मला क्षमा करा."

"कसो?"

"बुडून."

"हां!" ती हसली, अगदी मनापासून. "बुडतली ती बोट. तो खंयचो बुडता? पाचव्या वर्सापासून बेटाभोवती पवता तो. मास्तरांनू, तुमका काय ठावक नाय."

मग ती गंभीर झाली. "कागदाचा माका काय नाय. कागद भिजतत, फाटतत. पन उद्या पुनव. आमच्या घरात जो दर्यावर असता तेच्या नावान एक नारळ दर्याक देतत. घरातल्या बायकेन, आपल्या हातान, नाव घेवन. जोपर्यंत नारळ जाता, तोपर्यंत तो घरचो. मी नवी न्हवरी होतंय तेव्हा घोवाच्या आज्याचो नारळ टाकी होतंय. तेका मी बघूकसुद्दा नाय. तो गलबतार गेललो तो येवकच नाय."

"नवऱ्याच्या आज्याचा किती वर्षं टाकला?" मी विचारले.

"तेच्या वयाची शंभर वर्सां भरासर. शंभर झाली की मगे समजाचा, आता दमलो असतलो. मगे बंद." ती थांबली. "उद्या माझ्या झिलाचो चुकतलो. तुमी कागदावर काडलात ता रवांदे. पन नारळ चुकलो तर मीच तेका घरातसून काडलंय असा होतला."

मी वही मिटली. दोनशे वर्षांच्या दोन टोकांना जोडणारा जो धागा मी अठरा महिने शोधत होतो, तो फळीपलीकडे हिरवी पट्टी बांधून बसला होता. आणि मी त्याला ऐकवत बसलो होतो. पण तो विचार पुष्कळ नंतरचा. त्या क्षणी वस्ताद आधी बोलले.

"नारळ पाण्यातच टाकायचा न्हवं? मग पंचगंगा काय आटली व्हय?"

"नदी ती," म्हातारी म्हणाली. "दर्यो नाय."

"नदी कुठं जातीया मग? सांगा की मास्तर!"

सबंध कादंबरीत मला जे सुचले नव्हते ते तेव्हा सुचले, आणि त्याला प्रतिभा लागली नाही. तिसरीच्या भूगोलाने काम भागले. मी म्हणालो, "आई, आमची पंचगंगा तुमच्या दर्याकडे जात नाही. ती पूर्वेला वाहते. नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. त्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर रंगून आहे."

फळीपलीकडे ती सरसावून बसल्याचा आवाज झाला.

"म्हंजे तकडेच?"

"तिकडेच."

"अगो बाय माझे! मगे इतकी वर्सां मी उलट्या दर्यात टाकी होतंय!"

आधी तीच हसली, मग तिची लेक रडता रडता हसली, आणि वस्तादांच्या हसण्याने तालमीतले दोन मल्ल काय झाले म्हणून लंगोटावरच धावत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्याने आम्ही घाटावर गेलो. श्रावणाचे पाणी तांबडे, चढलेले. खालची देवळे शिखरापर्यंत बुडालेली, पायऱ्या फक्त वरच्या तेवढ्या उघड्या. शेजारणीने नारळाला सोनेरी कागद लावला होता. वस्तादांनी धोतर खोचले आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून म्हणाले, "द्या हिकडं, लांब फेकतो. पार वाडीपत्तोर!"

"माझ्या हातान," म्हातारी म्हणाली.

तेव्हा वस्तादांनी एका हाताने तिचे मनगट धरले आणि ती पायरी पायरी चाचपत उतरली. पट्टी डोळ्यांवर तशीच. पाणी पायाला लागले तशी ती थांबली, मुलाचे नाव घेतले, वाटेत कुणी भेटले तर नीट बोल असे काहीसे पुटपुटली, आणि नारळ सोडला. तो एकदा गिरकी घेऊन प्रवाहाला लागला. "गेलो?" तिने विचारले. "गेला," मी म्हणालो. "खंय?" "पूर्वेला." वस्ताद मात्र तो दिसेनासा होईपर्यंत "डावीकडनं जातोय, आता मधनं, आता पुलाच्या म्होरं..." असे कुस्तीच्या फडावरच्यासारखे तिला सांगत राहिले. त्यांतले शेवटचे बरेचसे त्यांनी रचलेले होते. म्हातारीने ते मान डोलावून ऐकून घेतले. तिथे कागद परतायचे नव्हते.

ती अडीच पाने मी फाडली नाहीत. पेटीत ठेवली आहेत. आपण काय करू शकतो हे माणसाला अधूनमधून पाहता यावे. कादंबरीचे शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले. त्यात कुणी मरत नाही आणि कुणी परतही येत नाही. एक नवी नवरी न पाहिलेल्या माणसाचे नाव घेऊन नारळ सोडते, आणि दोन ओळींनंतर तीच म्हातारी होऊन मुलाचे नाव घेते. प्रकाशकांनी कळवले की शेवट अपुरा वाटतो. मी तो बदलला नाही. जुने आणि नवे ज्यात एकत्र आले असे ते एकच प्रकरण. वस्तादांनी ते मात्र दोनदा वाचून घेतले.

म्हातारीला आता चष्म्याने उत्तम दिसते. ती बेटावर आपला नारळ देतेच. पण दर श्रावणात लेकीच्या नावे पोस्टकार्ड येते, त्यात शेवटची ओळ आमच्यासाठी असते: कोल्हापूरचा नारळ विसरू नये, दोन्ही बाजूंनी गेलेला बरा. तिने आम्हाला तो अधिकार दिला, त्याला माझी योग्यता नाही हे मी जाणतो. तरी दर नारळी पौर्णिमेला शेजारीण, वस्ताद आणि मी घाटावर जातो. शेजारीण नाव घेते, वस्ताद पाण्यात उतरतात, मी नारळ धरतो.

गेल्या खेपेस परत येताना मी सहज हिशेब केला. मुलाची शंभरी भरायला अजून साठावर वर्षे आहेत. मी वस्तादांना म्हणालो, "तोवर आपण कुठले?"

पहिल्याच डावात चीत झालेल्या मल्लाकडे पाहावे तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आपण न्हाय तर न्हाय. तालीम हाय की! पोरांस्नी सांगून ठेवलंय."